खोडलेल्या सहा ओळी

माझं अक्षर चांगलं आहे, हा शोध माझ्या नवऱ्याला लग्नानंतर वीस वर्षांनी लागला. त्याआधी त्याला त्याची गरजच पडली नव्हती. तो हवाई दलात दोन इंजिनांची मालवाहू विमानं चालवायचा, मी नाशिकला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, आणि वर्षातले जेमतेम तीन महिने आम्ही एका छपराखाली असायचो. मग त्यानं मुदतीआधी निवृत्ती घेतली. कॉलेज रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये चार लोखंडी ट्रंका आल्या आणि त्यातल्या एकीतून त्याच्या उड्डाणाच्या वह्या निघाल्या. प्रत्येक वहीला निळं कापडी कव्हर, आणि आत त्याचं किरटं अक्षर.

त्याला प्रवासी विमानं चालवायची होती. दुसरं काही नको होतं. ओळखीचे लोक कुठल्या कुठल्या कंपन्यांत सुरक्षा अधिकारी व्हायला बोलवत होते, तिकडे तो ढुंकूनही बघत नव्हता. एका विमान कंपनीची भरती चालू होती, तिच्यात पंचेचाळिशीच्या आत असण्याची अट होती, आणि तो डिसेंबरात पंचेचाळीस पूर्ण करणार होता. भरती दसऱ्यानंतर बंद होणार होती. त्याच्यासारख्याला घेणारी ती एकच भरती त्या वर्षी होती आणि ती हुकली तर पुढचं दार कधी उघडेल, उघडेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

सगळ्यांचा समज असा, की फौजेतला पायलट बाहेर पडला की विमान कंपन्या दारात गाड्या घेऊन उभ्याच असतात. माझाही तोच होता. सिन्नरहून माझे वडील आले तेव्हा हा जेवणाच्या टेबलावर नियमांचं जाडजूड पुस्तक उघडून बसला होता. वडिलांनी थोडा वेळ बघितलं आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं, "लय वर्षं इमान चालवलं ना जावईबापूंनी? मग आता परीक्षा कशाची?"

"बाहेरचं लायसन्स वेगळं असतं, अण्णा. फौजेत लायसन्स नसतंच."

"बिगर लायसनचं चालवलं?" वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढे बराच वेळ ते जावयाकडे जरा सांभाळूनच बघत होते.

पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. फौजेत माणसाला ओळखणारी माणसं असतात. कुणी याच्या शेजारी बसून उडालेला असतो, कुणी याच्या हाताखाली शिकलेला असतो, आणि याच्या हातात विमान द्यायचं की नाही हे ती माणसं ठरवतात. बाहेर आलं की ओळखणारं कुणी नाही, फक्त कागद. आणि कागदाचे प्रश्न निराळेच. फौजेच्या वहीत वेळ धरतात ती चाकांनी जमीन सोडल्यापासून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंतची. प्रवासी विमानांत विमान जागचं हललं की वेळ सुरू. म्हणजे धावपट्टीकडे जाताना, परवानगीची वाट बघत थांबताना गेलेले याचे वीस वर्षांतले सगळे तास हिशेबातच नाहीत. मग त्यातले कॅप्टन म्हणून किती, शेजारी बसून किती, रात्रीचे किती, नुसत्या यंत्रांच्या भरवशावर किती, हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत हवं. रँकचा रकाना मात्र कुठेच नाही. विंग कमांडर म्हणून ज्याला लोक उभं राहून सलाम करायचे, तो ऑनलाइन क्लासमध्ये तेवीस वर्षांच्या पोरांबरोबर बसायचा, आणि त्यांतली निम्मी त्याला अंकल म्हणायची.

रेडिओवर बोलण्याची एक परीक्षा असते. तिच्यात तो पहिल्या खेपेला चक्क नापास झाला. वीस वर्षं जो रेडिओवरच बोलत आला, तो! परीक्षक म्हणाले, तुम्ही फार तुटक बोलता, पूर्ण वाक्यं म्हणा. घरी येऊन त्यानं हे अतिशय गंभीरपणे सांगितलं. मी म्हटलं, त्या माणसाचा पत्ता दे, मला पेढे पाठवायचेत, वीस वर्षं मी हेच सांगत आले. त्याला हसू आलं नाही. दुसऱ्या खेपेला पास झाला तेव्हा मात्र हसला.

मुलाखतीला नागरी पद्धतीची हातानं लिहिलेली वही लागायची. कॉम्प्युटरवर भरायचं ते वेगळंच. बांधीव वही, पानांवर छापील आकडे, प्रत्येक पानाखाली बेरीज आणि पायलटची सही. जुन्या वह्यांवरून नवी उतरवून काढायची होती आणि त्याचं अक्षर कुणाला वाचता येणार नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कॉलेजातून आले की आम्ही टेबलाशी बसायचो. तो वाचायचा, मी लिहायचे. तारीख, विमान, कुठून, कुठे, किती. आमच्या संसाराची वीस वर्षं त्या रकान्यांतून चालली होती. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाची तारीख आली तेव्हा मी पेन खाली ठेवलं. त्या लग्नाला हा आला नव्हता. उड्डाण आहे म्हणाला होता, आणि वहीत त्या तारखेला काहीच नव्हतं.

"हवामान खराब होतं," तो म्हणाला. "दिवसभर विमानाखाली बसून होतो. सांगितलं होतं तुला."

खरंच सांगितलं असणार. या माणसाला खोटं बोलता येत नाही, कधीच आलेलं नाही. साडी कशी दिसते असं विचारायची सोय नाही. मी मुकाट्यानं पुढचं पान घेतलं. खरं सांगते, ते दोन महिने फार छान गेले. इतका वेळ शेजारी बसून आम्ही लग्नापासून कधी बोललो नव्हतो, भले ते सगळं विमानांच्या नंबरांविषयीच का असेना.

जुलैत आम्ही शेवटच्या वहीवर आलो. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातलं एक उड्डाण त्यानं वाचलं आणि वही मिटली.

"पुढे?"

"संपलं."

"संपलं कसं? निवृत्ती मे अखेरची."

त्याचं उत्तर ऐकायला दहा मिनिटं लागली, कारण ते एकेका शब्दानं येत होतं. त्याच्या युनिटमध्ये एक अलिखित रीत होती. ज्याचे बाहेर पडायचे कागद मंजूर झाले, त्याला उड्डाणं द्यायची नाहीत. तास मोजके असतात, ते राहणाऱ्यांना मिळाले पाहिजेत, जाणाऱ्यावर कशाला घालवायचे? रोज सकाळी कोण उडणार ते फळ्यावर लिहिण्याचं काम शेवटची दोन वर्षं याच्याकडेच होतं. आदल्या वर्षी एक सहकारी बाहेर पडताना याच्याकडे आला होता. बाहेर लायसन्स काढायला ताजे तास लागतात, दहाबारा दे, म्हणाला होता. यानं नाही म्हटलं. आणि स्वतःचे कागद आले त्या दिवशी पहिलं काम काय केलं, तर फळ्यावरचं स्वतःचं नाव पुसलं.

"तुला माहीत होतं ताजे तास लागतात ते?"

"हो."

"तरी पुसलंस?"

"त्याला नाही म्हटलं होतं ना मी."

मी भडकले. माझा आवाज खालच्या मजल्यावर गेला असणार. नागरी लायसन्ससाठी गेल्या सहा महिन्यांत ठरावीक तास उडालेलं असावं लागतं. हे तास नसतील तर एखाद्या फ्लाइंग क्लबात जाऊन छोट्या विमानावर ते करायचे. पण पावसाळ्यात क्लब बंद, उघडे असतील तिथे नंबर लागलेले, आणि दसरा अडीच महिन्यांवर. मी म्हटलं, हा तुझा हरिश्चंद्रपणा तुझ्यापुरता ठेवायचा होतास, त्यात आम्हाला कशाला ओढलंस? तो बसून ऐकत होता. कुणी रागावलं की तो असाच बसतो, त्यामुळे आणखी राग येतो.

पुढच्या आठवड्यात त्याच्या जागी आलेल्या अधिकाऱ्याचा मला फोन आला. पूर्वी याच्याच हाताखाली शिकलेला. तो आधी याच्याशी बोलला होता आणि यानं त्याला एका वाक्यात वाटेला लावलं होतं.

"मॅम, सर ऐकत नाहीत. तुम्हीच काहीतरी करा. तासांच्या दाखल्यावर आता सही माझी असते. सहा उड्डाणांची नोंद घालतो मी. कोण विचारतंय? तसेही ते तास सरांचेच होते. सरांनी फळ्यावर आमची नावं लिहिली म्हणून आम्ही उडालो."

पेनाचे तास म्हणतात त्याला. पायलट लोकांत हा शब्द चेष्टेनं वापरतात. जे विमानात नव्हे, पेनानं केलेले असतात ते. मी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. संध्याकाळी मोबाइलवर सहा ओळी आल्या. तारखा, विमानांचे नंबर, वेळा.

मी कोण आहे हे आधी सांगितलंच आहे, केमिस्ट्रीची बाई. प्रॅक्टिकलच्या जर्नलमधली बनावट रीडिंग मी एका नजरेत पकडते. तिन्ही रीडिंग अगदी सारखी आली की समजायचं, पोरानं ब्युरेटला हातही लावलेला नाही. अशी कितीतरी जर्नल्स मी पोरांच्या पुढ्यात परत टाकलीत. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, तो बँकेत गेलेला असताना, मी टेबलाशी बसून त्या सहा ओळी नव्या वहीत लिहिल्या. एवढंच नाही. पाठवलेल्या वेळांत दोन अगदी सारख्या होत्या, त्यातली एक मी पाच मिनिटांनी कमी केली, खरी वाटावी म्हणून. मनाला समजावलं, की त्याचेच तास आहेत, त्यानंच दुसऱ्यांना वाटलेले, मी फक्त परत आणतेय. हे इतकं पटलं की खालची बेरीजही मी लगेच मांडून टाकली.

रविवारी त्यानं सह्या करायला वही घेतली. विमान ताब्यात घेण्याआधी तंत्रज्ञांनी भरलेला फॉर्म असतो. तो शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्याशिवाय यानं आयुष्यात कधी सही केली नाही. त्यापायी एकदा एका मोठ्या साहेबाला पंधरा मिनिटं उन्हात उभं ठेवलं होतं, हे तो अभिमानानं सांगतो. ही वही मात्र घेतली आणि तो सह्या करत सुटला. पान उलटायचं, खाली सही, पान उलटायचं, खाली सही.

"वाच तरी," मी म्हटलं.

"तू लिहिलंयस ना."

शेवटच्या पानावरही त्यानं तशीच सही केली. मान वर केली नाही. मग उठून चहा टाकला, मला विचारलं, आलं घालू का.

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. कॉलेजात एका मुलीचं जर्नल तपासताना मी बनावट रीडिंग बघितलं आणि काही न बोलता सही करून दिली. आयुष्यात पहिल्यांदा. तिसऱ्या दिवशी आम्ही गंगापूर धरणाच्या बाजूला फिरायला गेलो होतो. धरण काठोकाठ भरलेलं, भजीच्या गाड्यांशी गर्दी. गाडीत बसल्या बसल्या मी त्याला सगळं सांगितलं. फोन, मेसेज, सहा ओळी, कमी केलेली पाच मिनिटंसुद्धा. तो ओरडेल अशी माझी तयारी होती.  पण त्यानं गाडी सुरू केली आणि म्हणाला, "घरी जाऊ या."

घरी आल्यावर त्यानं पट्टी घेतली. सहाही ओळींवर एकेक सरळ रेघ मारली, खालचं सगळं स्वच्छ वाचता येईल अशी. कडेला लिहिलं, चुकीची नोंद, आणि प्रत्येकीपुढे छोटी सही. खालची बेरीज खोडून नवी लिहिली.

"मी सगळी वही पुन्हा लिहिते," मी म्हटलं. "नवी आणू. रात्रंदिवस बसून लिहीन."

"नको. सही झालेली वही बदलत नाहीत."

"कुणाला कळणारे?"

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मग त्यानं त्या अधिकाऱ्याला फोन केला. "ती नोंद काढून टाक. परत असं कुणासाठी करू नकोस," एवढं म्हणून फोन ठेवला. माझ्याशी तो नेहमीसारखाच बोलत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

नशिबानं दक्षिणेतल्या एका फ्लाइंग क्लबात कुणाचा तरी नंबर रद्द झाला. हा तिकडे गेला आणि पाच आठवडे छोट्या विमानात बसून ताजे तास करून आला. शिकवणारी मुलगी सव्वीस वर्षांची. पहिल्याच दिवशी तिनं याला सांगितलं, सर, हे विमान हलकं आहे, तुम्ही फार जोर लावता. हे सांगताना तो खूश होता. लायसन्स आलं, दसऱ्याच्या आधी मुलाखतीचं बोलावणं आलं. मला वाटलं, सुटलो.

मुलाखत मुंबईत होती. मी बरोबर गेले आणि खाली गाडीत बसून राहिले. आधी सिम्युलेटरची परीक्षा झाली, मग मुलाखत. तो बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावरून काही कळेना. कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा मी विचारलं.

"सिम्युलेटर चांगलं झालं. त्यांनीच म्हटलं तसं."

"आणि वही?"

"बघितली. विचारलं, या सहा ओळी काय आहेत. मी म्हटलं, ही उड्डाणं झाली नव्हती, नोंद चुकीची होती, कळल्यावर खोडली. म्हणाले, न झालेल्या उड्डाणांची नोंद चुकून कशी होते? अक्षर कुणाचं आहे?"

"मग?"

"म्हटलं, सही माझी आहे."

"अरे, पण अक्षराचं काय सांगितलंस?"

"तेच सांगितलं. तीनदा विचारलं त्यांनी. तीनदा तेच सांगितलं."

मी त्याला म्हटलं, बायकोनं लिहिलं, तिला त्यातलं कळत नाही, एवढं म्हणायचं होतंस. तो म्हणाला, तुला कळत होतं. बशीतला चहा गार झाला होता. मी उठून गाडीत जाऊन बसले.

महिन्याभरानं नकाराचा मेल आला. दोन ओळींचा, कारण न देता. डिसेंबर आला, वाढदिवस झाला, मी शिरा केला. पुढे काही महिन्यांनी तो शेजारच्या जिल्ह्यातल्या एका फ्लाइंग क्लबात शिकवायला जाऊ लागला, आता आठवड्यातले पाच दिवस तिकडेच असतो. मुलं त्याच्यावर जीव टाकतात असं ऐकते. वहीच्या पहिल्या पानावर तो त्यांना म्हणे लिहायला लावतो, की ही वही स्वतःच्या हातानं लिहायची, दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचं नाही, घरच्यांकडूनही नाही. तो हे मला सांगत नाही, त्याच्या एका विद्यार्थ्यानं सांगितलं.

आकाशातून विमान गेलं की तो अजूनही थांबून वर बघतो आणि ते कुठलं, कुठे चाललंय, ते मला सांगतो. मला ते ऐकवत नाही.

गेल्या शनिवारी तो घरी होता. दुपारी जेवायला बसलो होतो, पिठलं आणि भाकरी. दोन वर्षं मनात असलेला प्रश्न माझ्या तोंडून निघून गेला. "खरं सांग. त्या सहा ओळी नसत्या, तर तुला घेतलं असतं?"

त्यानं घास खाली ठेवला. मला वाटलं, एकदा, फक्त एकदा हा माणूस खोटं बोलेल. वय होतंच आड आलेलं, जागा कमी होत्या, तसंही घेतलं नसतं, काहीही म्हणाला असता तरी मी ते धरून बसले असते.

"हो," तो म्हणाला. "घेतलं असतं."

मग त्यानं माझ्या ताटाकडे बघितलं, टोपलीतली अर्धी भाकरी माझ्या ताटात वाढली आणि म्हणाला, "जेव. गार होतंय."